इस्त्री केलेला वेग

सकाळी आमचे शेजारी देशमुख सायकल घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभे होते. आज त्यांची शर्यत होती. अंगात नवा, घट्ट सूट.

“कापडावर बारीक खळगे आहेत, हात लावून बघा. त्यामुळे वारा कमी अडवतो,” ते म्हणाले.

मी हात फिरवला. कापड गुळगुळीत होतं आणि बाहीवर कडक घडी होती.

“इस्त्री केलीत?”

“मग! चुरगळलेलं घालून चारचौघांत जायचं?”

कुणीतरी वाऱ्याचा स्वभाव ओळखून ते खळगे घडवले असतील. आमच्याकडे आलं की सगळं आधी सपाट होतं, मग मिरवलं जातं.

देशमुख ऐटीत निघाले. वाऱ्याने त्यांची दखलही घेतली नाही. त्यांना अडवलं ते कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीने.