खरं सांगताय ना?

चष्मा नाकावरून उतरवायचा, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसायचा, पुन्हा चढवायचा आणि समोरच्याकडे रोखून बघत विचारायचं, "खरं सांगताय ना?" हे त्या गृहस्थांचं नेहमीचं. समोरच्याने सांगितलेली गोष्ट मैदानावरचं स्वच्छतागृह कुठे आहे एवढीच का असेना, चष्मा पुसल्याशिवाय ते तिकडे पाऊल टाकत नसत.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. दूध उकळलं तरी ज्याला गवळ्याचा डाव वाटतो असा. आमचे हे गृहस्थ आता हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागात, एका दुधाच्याच कारखान्यात गेलेत, सहकुटुंब. तिथल्या गाईंची मला काळजी वाटते.

इथे ऑकलंडमध्ये वसंत येतो सप्टेंबरात. हॉकीच्या स्टिका माळ्यावर जातात आणि शाळेत क्रिकेट, सॉफ्टबॉलच्या नोटिसा लागतात. माउंट रॉस्किलच्या आमच्या हायस्कुलात मुलींच्या क्रिकेट टीमला मॅनेजर हवा होता. पालकांच्या सभेत सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, माझी एकटीची मान वर राहिली, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. शनिवारी सकाळी पाण्याचा कॅन, सनस्क्रीन आणि इतरांच्या पोरी गाडीत घालून मैदानावर जायचं. त्या पोरींत या गृहस्थांची मुलगी प्रज्ञा होती. ती माझ्या गाडीत बसायची आणि मागून तिचे बाबा आपली गाडी घेऊन यायचे. लिफ्टचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. "तुम्ही नीट नेताय ना, ते बघायला," ते म्हणाले.

पहिल्याच मॅचला टॉसच्या वेळी ते दोरी ओलांडून आत आले. "एक मिनिट, नाणं बघू." एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला किवी पक्षी. बोटाने दोन्ही बाजू चाचपून त्यांनी ते परत दिलं. दोन्ही कॅप्टन पोरींना हसू आवरेना. प्रज्ञा मात्र खाली वाकून आधीच बांधलेली नाडी पुन्हा बांधत बसली.

दुसऱ्या शनिवारी त्यांना मोठंच प्रकरण सापडलं. समोरच्या टीमची उंच फास्ट बोलर स्वतः गाडी चालवत आली होती. "ताई, ही पोरगी शाळेतली? गाडी चालवते! कॉलेजातली आणून उभी केलीय." मी काही बोलायच्या आत ते समोरच्या कोचपुढे जाऊन उभे राहिले. इथे साडेसोळा वर्षं झाली की एकट्याने चालवायचं लायसन्स मिळतं आणि वरच्या वर्गांतली निम्मी मुलं गाडीने शाळेत येतात, हे त्या कोचने हसत हसत समजावलं. यांनी चष्मा पुसला. "खरं सांगताय ना?" शेवटी त्या मुलीने स्वतःच लायसन्स काढून दाखवलं, वर "स्वीट अ‍ॅज!" असं इथल्या बोलीतलं 'काही हरकत नाही' म्हणून यांच्याशी हातही मिळवला. मॅचनंतर समोरच्या टीमकडून मफिन आले, तेव्हा यांनी आधी त्यांच्या पोरी खातात का ते पाहिलं.

पेनरोजला एका पॅकिंगच्या कारखान्यात ते क्वालिटीचे इंजिनिअर होते. सीलबंद डब्यांवर संशय घेण्याचा त्यांना पगार मिळायचा, तेव्हा शनिवारी फुकट घेत असतील तर घेऊ देत, असं मी मनाशी म्हणायचे.

पण एका सकाळी पाऊस आला आणि आम्ही दोघं त्यांच्या गाडीत बसलो. ऑकलंडचा वसंत म्हणजे ऊन, पाऊस, वारा सगळं एका मॅचमध्ये. काचा धुक्याने भरल्या होत्या. ते आपणहून बोलू लागले.

"मी नागपूरला कॉलेजात लेगस्पिन टाकायचो ताई. निवडीच्या दिवशी सरांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, ये टीमबरोबर. वर्षभर होतो. पाणी नेलं, किटबॅगा उचलल्या. चेंडू हातात आला तो फक्त बाउंड्रीबाहेरून आत फेकायला. दरवेळी सर म्हणायचे, पुढच्या मॅचला नक्की. मला ते खरं वाटायचं."

मी पुण्याची. माझं आडनाव ऐकून कुणी माझ्या हातातलं काही काढून घेतलेलं नाही. काचेवरचं धुकं मी उगाच पुसत राहिले.

त्यानंतर मीही बघू लागले. प्रज्ञाला त्यांनीच लेगस्पिन शिकवली होती. त्यांच्या गॅरेजच्या पत्र्यावर चेंडूंचे पोचे पडले होते. नेटमध्ये तिचा चेंडू असा वळायचा की आमच्या पोरी चिडायच्या. आणि मॅचमध्ये? बाउंड्री. बाकीच्या सगळ्यांना बोलिंग मिळे, प्रज्ञा उन्हात टोपी सारखी करत उभी. बाउंड्रीबाहेर तिचे बाबा उभे. मध्ये दोरी.

"पाणी मुरतंय," ते म्हणायचे. "रंग बघून चाललंय."

"अहो, आपल्या कोच मॅडम स्वतः सामोआ बेटांवरच्या आहेत, गोऱ्या नाहीत."

"मग काय झालं? आमचे सर कुठे गोरे होते?"

खोकल्यासारखा संशयही लागतो. कोच मॅडमचा तो मोकळा माओरी नमस्कार, "किया ओरा!", मला गोडगोड वाटू लागला. एका शनिवारी प्रज्ञाचे बाबा खेळपट्टी तपासायला गेलेले पाहून मी कोच मॅडमना गाठलं आणि सरळ विचारलं, प्रज्ञाला बॉल का देत नाही?

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तिनेच सांगितलंय. बाबा असतील तेव्हा मला बॉल देऊ नका. माझा हात थरथरतो. मी शब्द दिलाय तिला."

इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना सांगावं तर पोरीचा विश्वास मोडतो. न सांगावं तर हा माणूस पुन्हा नागपूरच्या त्या बाउंड्रीवर उभा राहतो, या वेळी मुलीला घेऊन. मी गप्प राहिले. पण संशयी माणसापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून मासळी लपवणं.

पुढच्या शनिवारी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, आज पेनरोजला ओव्हरटाइम आहे. निघतो मी." हा माणूस कुठे जातो हे कधी कुणाला सांगत नसे. गाडी गेटबाहेर पडली तशी मला शंका आली. थोड्या वेळाने मैदानाच्या टोकाला, हाराकेके नावाच्या इथल्या झुडपाच्या माणूसभर उंच पात्यांमागे, त्यांची निळी टोपी दिसली.

इकडे कोच मॅडमनी प्रज्ञाकडे चेंडू टाकला. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणाला आणि काय ओरडणार?

पहिला चेंडू गेला तो विकेटकीपरच्याही हाताबाहेर. वाइड. प्रज्ञा खळखळून हसली, सगळ्या पोरी हसल्या. पुढचे दोन-तीन सरळ पडले. मग एक असा वळला की बॅट हवेत फिरली आणि दांडी पडली. पोरींनी तिला उचललंच.

मी पाण्याची बाटली घेऊन हाराकेकेमागे गेले. आता हा माणूस कोच मॅडमवर धावून जाणार, मलाही दोन शब्द सुनावणार, अशी माझी तयारी होती. ते शांत उभे होते.

"पहिला वाइड गेला," ते म्हणाले.

"हो. पण नंतर विकेट..."

"वाइड गेला आणि ती हसली ताई. माझ्यासमोर वाइड गेला की ती आधी माझ्याकडे बघते." मग म्हणाले, "तिनेच सांगितलं असणार ना मॅडमना?"

मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला खरं-खोटं विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. "मी आलो होतो हे तिला सांगू नका," एवढं म्हणून ते पात्यांच्या आडूनच गेटकडे गेले. मला फार वाईट वाटलं. ज्याला कुणी बॉल दिला नाही, त्याच्यामुळेच पोरीला बॉल मिळत नव्हता, आणि त्यात दोष कुणाचाच काढता येत नव्हता.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. शनिवारचा ओव्हरटाइम त्यांनी खरोखरच मागून घेतला. नाणं तपासायला कुणी नव्हतं, मफिन बिनधास्त संपत होते. दुपारी मात्र माझा फोन वाजे. विकेट किती, धावा किती, काही विचारत नसत. "आज हसली का?" "हसली." "खरं सांगताय ना?"

ख्रिसमसच्या सुट्टीआधीची शेवटची मॅच. त्यांची हॅमिल्टनच्या दूध कारखान्यातली नोकरी तोवर पक्की झाली होती, म्हणजे प्रज्ञाचीही आमच्याकडून शेवटची. ड्रिंक्सच्या वेळी ती माझ्याकडे न येता थेट हाराकेकेकडे चालत गेली. दोन्ही हातांनी पाती बाजूला केली, आत वाकून पाहिलं आणि परत आली.

"आँटी, इज ही नॉट हिअर?"

"नाही गं. कामावर गेलेत."

तिने हातातला चेंडू शर्टाच्या टोकाने पुसला. सावकाश, अगदी त्यांच्यासारखा. "दॅट डे आय सॉ हिज कॅप," ती म्हणाली. "राइट आफ्टर द वाइड."

"आणि तरी टाकलीस?"

"हँड वॉज शेकिंग. अ लॉट." मग मराठीत, जे ती कधी बोलत नसे, "पण बाबा बघत होते ना."

त्या दिवशी तिने चांगली बोलिंग टाकली, पण प्रत्येक ओव्हर संपली की त्या पात्यांकडे बघायची.

दुपारी फोन वाजला. मागे कारखान्याच्या यंत्रांचा आवाज येत होता.

"आज हसली का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला शोधत होती. त्या दिवशी तिने तुमची टोपी पाहिली होती. विकेट घेतली ती तुम्ही बघताय हे माहीत असताना घेतली."

यंत्रांचा आवाज हळूहळू मागे पडला; ते बाहेर मोकळ्यावर आले असावेत.

"ताई," ते म्हणाले, "खरं सांगताय ना?"