काहिलीतला हीटर

“अरं, फ्यूज बघा आधी! पाणी न्हाय ह्ये, बरफ हाय बरफ!”

वडील परसात ओरडत होते. त्या आवाजानं रंकाळ्यातली म्हसरं पोहायची थांबली असणार. कमरेला टॉवेल, कंबर काटकोनात धरलेली आणि पुढ्यात गुळाची काहील. मामाच्या कोडोलीच्या गुऱ्हाळातून बाद झालेली ही अवाढव्य कढई वडिलांनी मागून आणली होती. ती बोळात वळवताना दोन घरं जरा सरकवून घ्यावी लागली, असं मी अजून शपथेवर सांगतो. तिच्यात कढत पाणी भरून तासभर बसलं, की त्यांची जुनी पैलवानी कंबर मोकळी व्हायची. पाणी तापवायला उद्यमनगरातल्या एका फिटरनं रेल्वेचं इंजिन लाजेल असा हीटर करून दिला होता. तो काढून बाजूला ठेवल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही, हा घरातला पहिला कायदा.

तो हीटर ऐन दसऱ्याच्या सकाळी बंद पडला.

दसऱ्याला वडील आपल्या वस्तादांना सोनं द्यायला जात. वस्ताद नव्वदीला टेकलेले, खाटेवरून उठत नव्हते. पुढचा दसरा ते बघतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

“रिक्षानं जाऊ या,” मी म्हणालो.

“वस्तादाच्या दारात रिक्षातनं उतरू? त्यापरीस तिरडीवरनं न्या की मला!”

फिटर सणाचं जेवण सोडून आला. निम्मी गल्ली सल्ले द्यायला त्याच्या मागं. फ्यूज शाबूत निघाला. त्याच बोर्डावर दुसरा दिवा लावला, तो लख्ख पेटला. मग त्यानं कॉईल तपासायचा सेलवरचा बल्ब काढून त्याच्या वायरी हीटरच्या प्लगच्या पिनांना टेकवल्या. बल्ब ढिम्म.

“कॉईल गेली, अण्णा. आज दुकानं बंद. उद्या बघू.”

वडील धुण्याच्या दगडावर बसले. “ऱ्हाऊ दे मग,” म्हणाले, इतकं हळू, की गल्ली घाबरून गप्प झाली. एवढ्या मोठ्या माणसाला असं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई पदराला हात पुसत आली आणि तिनं प्लग उचलून उजेडात धरला.

“ह्ये काय लावलंय पिनांस्नी?”

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा वडील स्वतः करत. कोयता, विळी, सायकल आणि मानाचा हीटर. सगळ्यांना आधी तेल, मग हळदीकुंकू. प्लगच्या पिना तर त्यांनी बैलाची शिंगं रंगवावीत तशा रंगवल्या होत्या. रात्रभरात त्यावर हा जाड पापुद्रा धरला होता. फिटरला वाटलं, लाल पिनांची नवी फॅशन निघाली असेल.

आई आत जाऊन आली. चिंच आणि राख घेऊन तिनं पिना सोन्यासारख्या घासल्या, धुऊन कोरड्या केल्या. वडील तेवढा वेळ आभाळात घार शोधत होते. फिटरनं वायरी पुन्हा टेकवल्या आणि बल्ब पेटला. गल्लीनं शिट्ट्या वाजवल्या.

दुपार कलल्यावर पाण्यातून वाफ निघाली. हीटर काढला, वडील आत बसले आणि चारच्या सुमाराला काठीशिवाय उभे राहिले.

वस्तादांच्या घरापर्यंत ते चालत गेले. मी मागं, हात पुढं करून, पडले तर धरायला. खाटेपाशी ते आपले आपण वाकले, आपट्याची पानं दिली, पायावर डोकं टेकवलं. वस्तादांचा सुरकुतलेला हात त्यांच्या पाठीवरनं कमरेपर्यंत फिरला आणि तिथंच थांबला. वडिलांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी सकाळची सगळी कथा सांगायला घेतली. त्यांच्या कथेत पूजेचा उल्लेख नव्हता. वीज मंडळ, उंदीर आणि फिटरचं नशीब एवढेच दोषी होते.

वस्तादांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“मग काहिलीखाली चार लाकडं पेटवायची की,” ते म्हणाले.