पुसा सरांचा हशा

आमच्या चित्रकलेच्या सरांकडे शिकवण्यासाठी एकच शब्द होता, "पुसा." आपण दोन तास घाम गाळून एखादा चेहरा काढावा, सरांनी मागे येऊन उभं राहावं, चष्मा कपाळावर चढवावा आणि म्हणावं, "पुसा." पेन्सिल असो नाहीतर रंग, पुसाच. रंग कसा पुसायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. म्हणून त्यांचं नाव पुसा सर. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती!

नारायण पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी त्यांचा वर्ग भरायचा. सुरुवातीला आम्ही सगळ्या माझ्यासारख्या, मुलं मोठी झालेल्या बायका आणि दोन-तीन पेन्शनर. मग पुण्यात कंपन्या आल्या आणि आमच्या वर्गात ती हिंजवडीची तरुण मंडळी आली. एक मुलगा रविवारीसुद्धा कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आला. सर म्हणाले, "काढा ते. इथे कोणी हरवत नाही." दुसऱ्या एकीला नव्या फ्लॅटच्या सोफ्याला मॅच होईल असं चित्र हवं होतं. "आपण असं करा, सोफाच घेऊन या," सर म्हणाले. "त्याच्यावरच काढू." ती परत आली नाही. आम्ही मात्र आठवडाभर हसलो. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे लोक चित्रासाठी नव्हे, सर आज कुणाची काढतात हे ऐकायला यायचे.

मनाने वाईट होता का माणूस? नाही हो. माझे यजमान गेले तेव्हा सर घरी आले. "फार वाईट झालं" वगैरे काही नाही. माझा पेन्सिलींचा डबा मागून घेतला, खिशातलं ब्लेड काढलं आणि कोपऱ्यात बसून सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली. चहा घेतला आणि गेले. त्या पेन्सिली वापरायचं मला कितीतरी दिवस जिवावर आलं होतं. अशा माणसावर कायमचं रागवायचं तरी कसं? पण रागावले मी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

त्याचं कारण सुजाता. अकोल्याची मुलगी, कंपनीत नोकरी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची. अबोल. तिने एक चित्र काढलं होतं, सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये झोपलेली माणसं. कुणाचं तोंड उघडं, कुणाची मान शेजारच्याच्या खांद्यावर, आणि सगळ्यांच्या कपड्यांना कडक इस्त्री. सर तिच्या मागे उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले आणि एक शब्द न बोलता पुढे गेले. आमच्यात याला बक्षीस समजत.

सुजाताला नोकरी सोडून कलाशाळेत जायचं होतं. घरी रणधुमाळी माजली. शेवटी वडील एवढ्यावर आले की, आई पुण्याला येऊन प्रदर्शन बघेल, सरांना विचारेल, आणि सर म्हणाले पोरीत काही आहे, तर जा. सुजाताने हे सगळं सरांना आधी सांगितलं होतं, माझ्यादेखत. सर म्हणाले, "बघू."

आमच्या वर्गाचं वार्षिक प्रदर्शन एका लहानशा कलादालनात असायचं. चित्र विकलं गेलं की त्याच्या शेजारी भिंतीवर लाल टिकली लावायची, ही तिथली पद्धत. आमची चित्रं घेणार कोण? एकमेकांचे मेहुणे आणि नणंदा. त्यामुळे दुपारपर्यंत बऱ्याच टिकल्या लागलेल्या होत्या.

सुजाताची आई चार वाजता आली. हिरवी साडी, हातात फरसाणाची पिशवी. सगळी भिंत नीट बघत लेकीच्या चित्रापाशी आली आणि थबकली. मी शेजारीच होते. मला म्हणाली, "बाई, साऱ्यायच्या चित्रायले टिकली हाय, माह्या पोरीच्याच चित्राले काहून नाही?" मी तोंड उघडेपर्यंत तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक छान मोठी टिकली चित्राच्या शेजारी लावली. वर दोन्ही हातांनी चित्राची दृष्टही काढली. पाठोपाठ एक जोडपं आलं. "अरे, हे गेलं वाटतं," असं म्हणून पुढे सरकलं.

सरांनी ते पाहिलं. "अहो, या, या सगळे इकडे!" त्यांनी हाक दिली. "पुण्यात एक चित्र विकता विकता माणूस म्हातारा होतो. या बाईंनी अकोल्याहून येऊन पाच मिनिटांत विकून दाखवलं!" हशा पिकला. "बाई, माझीही तीन शिल्लक आहेत. तेवढी उरकून टाका." आणखी हशा. ती माउलीही हसली. कौतुकच चाललंय असं वाटलं तिला. "देऊ का?" म्हणत तिने पाकीट पुढे केलं, तेव्हा लोक भिंतीला टेकून हसले.

सुजाता दारातून आत येत होती. ती जागीच उभी राहिली.

आईने मग त्याच गर्दीत, हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, "सर, पोरीचा हात कसा हाय? नवकरी सोडतो म्हणते."

सरांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "पोरीचं राहू द्या हो," ते म्हणाले. "वर्गाला तुम्हीच या. धंदा तुम्हाला कळतो."

त्या माउलीचं हसू तेव्हा कुठे गेलं. "म्हंजे नाही," ती हळूच लेकीला म्हणाली. सुजाताने चित्र उतरवलं, काखेत धरलं आणि आईचा हात धरून बाहेर पडली. वर्गाला ती पुन्हा आली नाही. नोकरी चालू ठेवली, लग्न झालं, हैदराबादला गेली. मी एकदा फोन केला तर म्हणाली, "नाही हो काकू, आता काही काढत नाही." आवाज अगदी साधा. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

सुजाताने चित्र काढणं सोडलं, हे मी सरांना जाऊन सांगितलं. ते ब्रश धूत होते. म्हणाले, "त्या दिवशी तिथे जेवढी चित्रं होती ना, त्यात तेच एक चित्र होतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मग त्या बाईसमोर हे बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"हशा आला होता हो," सर म्हणाले. "चढत चालला होता. त्यात कोण थांबतं?"

मी माझं सामान गोळा केलं आणि वर्ग सोडला.

सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. शोकसभेला अख्खी गॅलरी भरली होती. लोक उठून उठून सरांचे टोमणे सांगत होते. एका गृहस्थाने टिकलीचा किस्सा सांगितला, "कुणीतरी खेड्यातली बाई होती" असं म्हणून, पाकीट पुढे करण्याच्या नकलेसकट. सगळ्यांत जास्त हशा त्यालाच आला. मी उभी राहिले. म्हटलं, "ती बाई अकोल्याची होती. आणि तिच्या मुलीचं नाव सुजाता." पण हशाच इतका होता की, कुणाला ऐकू गेलं नाही, आणि तेवढ्यात पुढच्याने सोफ्याचा किस्सा सुरू केला होता.