रविवारची मासळी

नवऱ्याला माहीत नाही, बहिणीलाही नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. आणि मी काही पोटात गोष्ट ठेवणारी बाई नव्हे, हे पनवेलमध्ये कुणीही सांगेल.

माझं काम तसं साधं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळणं झेपेनासं झालं की लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना आसपासचे छोटे वृद्धाश्रम दाखवते — बंगल्यात आठ-दहाजण राहतात, तसले. संडास, पायऱ्या, स्वयंपाकघर, देखभालीच्या बायका, सगळं स्वतः बघते. वर तोऱ्यात सांगते, माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय मी कुणाला कुठे पाठवत नाही!

अडीचेक वर्षांपूर्वी अनंतराव आले. राहायला खारघरला, मूळचे उरणकडच्या गावचे. त्यांची आई, बारकीआजी, ऐंशीच्या पुढची. दोनदा पडलेली, दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. मी पळस्प्याजवळचं एक घर दाखवलं. स्वच्छ, हवेशीर, जागाही रिकामी. अनंतरावांनी सगळं पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली — मासळी मिळते ना? आईला त्याशिवाय घास उतरत नाही.

मी म्हटलं, "मिळते की. दर रविवारी."

खोटं. त्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. विसरले होते का मी? नाही हो, पक्कं ठाऊक होतं. कळंबोलीच्या एका घरात मासळी शिजायची, तिथे महिनाभरात जागा होणार होती. मग तसं सांगितलं का नाही? — सांगायचीही लाज वाटते. मी वरणभातावर वाढलेली. मनात म्हटलं, या वयात कसले आलेत जिभेचे चोचले! चार दिवसांत होईल सवय.

डोंबलाची सवय.

पहिल्या रविवारी आजी ताटासमोर नुसती बसून राहिली. मी निरोप धाडला — पावसाळा आहे, बोटी बंद आहेत. आणि हे सांगितलं कुणाला? जन्मभर खाडीत उतरून मासे धरलेल्या बाईला! भेटायला गेले तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "बोटी बंद हायत, पन खाडीची? नायतर सुकट तरी?" मी म्हटलं, बघते. पुढच्या रविवारीही, बघते. मग तिने विचारणं सोडलं, आणि हळूहळू जेवणही. दोन घास, की ताट बाजूला. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. अनंतराव म्हणायचे, वय झालं, भूकच मेली आईची. मी मान डोलवायची — हो, मान डोलवायची.

एकदा त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, मासळी बरी असते ना गं? मनात म्हटलं, आता सगळं बाहेर येणार! आजीने माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"असते रं. बरी असते."

का म्हणाली असेल? लेकाच्या जिवाला घोर नको म्हणून? मला वाचवायला तर नक्कीच नाही. त्या दिवसापासून मलाच जेवण जाईना.

तोवर चार महिने उलटले होते. मी खटपट करून कळंबोलीला जागा मिळवली आणि अनंतरावांना कारण दिलं — तिथे पायऱ्या नाहीत. तिथल्या पहिल्याच दुपारी आजीने बोंबलाचं कालवण भातात कालवून खाल्लं, बोटं चाटली आणि पुन्हा मागितलं. मी मोरीत जाऊन रडले. सुटले बाई, असं झालं. तोंड मात्र उघडलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती पोटभर जेवली, सगळ्यांशी कडाकडा भांडली आणि गेल्या महिन्यात झोपेतच गेली. बाराव्याला अनंतरावांनी मला नातेवाइकांपुढे नेलं. म्हणाले, या मॅडमनी आईच्या ताटाची काळजी घेतली. आणि मी काय केलं? हात जोडून ते कौतुक घेतलं.

आज हे सगळं लिहून काढलं. खरं सांगू? इतकं मोकळं वाटतंय की सकाळपासून चक्क गुणगुणतेय. उद्या हा कागद त्यांच्या हातात देणार आहे. म्हणून पुढचं त्यांच्यासाठी.

अनंतराव, तुमच्या आईची भूक मेली नव्हती. पळस्प्याला मासळी कधीच शिजली नाही. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आजींनाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त तुम्हाला.