फितुराच्या धोंड्यांचं वाडगं

ग्रीसमधल्या रूमेलीच्या डोंगरात झिसीसनं उभा जन्म खेचरांच्या शेपटीमागं काढला. त्यातली सात वर्षं सेनापती ड्रोसिनासच्या फौजेत, दारूगोळा अन् कांदे वाहण्यात. सेनापती मोठा इरसाल गडी. दोन वर्षं तुर्कांना झोडपलं, तिसऱ्या हिवाळ्यात तह करून पाशाच्याच पंगतीला बसला, अन् बर्फ वितळल्याबरोबर पुन्हा त्याच्यावर तलवार उपसली. शेवटी मेला तो कुणाच्या गोळीनं, हे दोन्ही फौजांना सांगता आलं नाही.

गावानं मात्र निकाल लावून टाकला. फितूर! फाट्यावर त्याच्या नावानं शापाचा ढीग सुरू झाला. येणाराजाणारा एक धोंडा भिरकावायचा, थुंकायचा, पुढं व्हायचा. वीस वर्षांत ढीग छातीला लागला.

झिसीसचं खोपट तिथंच. लांडग्यांनी दोन शेळ्या उचलल्या, तसं त्यानं उरलेल्या शेळ्या कोंडायला त्या धोंड्यांचं वाडगं रचलं. ढीग घटला, लोकांनी पुन्हा भरला. झिसीसची भिंत वाढत गेली.

मग अथेन्सहून कागद आला. सेनापती थोर देशभक्त ठरला होता, फाट्यावर त्याचा पुतळा बसणार होता. गावप्रमुख लिआकोस गवंडी घेऊन हजर.

"काका, चौथऱ्याला दगड पाहिजे. धोंडे गावाचेच. भिंत उतरवतो."

"अन् माझ्या आठ गाभण शेळ्या? लांडग्याला काय तुझा कागद वाचून दाखवू?"

"देशाचं काम आहे, काका."

झिसीसनं चिलीम झटकली. "ने की. फकस्त ज्यानं टाकला त्यानं आपापला ओळखून न्यावा. हा तांबडा तुझ्या गिरणीच्या ओढ्यातला. दर ईस्टरला एक यायचा. गवंडीबुवा, हा चपटा तुमच्या बापाचा."

गवंडी डोंगराकडं बघायला लागला.

"अन् तुमचा कुठाय?" लिआकोस चिडून म्हणाला.

"तळाचा, कोपऱ्यातला. सगळ्यात थोराड. वेढ्यात माझं खेचर कापून खाल्लं सेनापतीनं. मलाबी वाढलं. चवीला बरं लागलं, त्याचाच जास्त राग आला."

धोंडा ओळखायला कुणी फिरकलं नाही. चौथऱ्याला नदीतनं कोरे दगड आले. पुतळा उघडला त्या दिवशी सगळं गाव टोप्या काढून उभं होतं. झिसीसला सवड नव्हती. सकाळीच पहिली शेळी व्याली होती, अन् दोन करडं लिआकोसच्या तांबड्या धोंड्याला अंग घाशीत होती.