दीपमाळेवर चढलेली आत्या

मुकुंदवाडीत जिथं पूर्वी ज्वारी डोलायची, तिथं आता आमचा सातवा मजला आहे. परवा त्रिपुरी पौर्णिमेला गॅलरीत वात लावली आणि जळत्या तेलाच्या वासाबरोबर आत्या आठवली.

एका वर्षी दुष्काळात शहरभर टँकर फिरत होते. जायकवाडीचं पाणी इतकं ओसरलं, की धरणात बुडालेलं आमचं गाव बेट होऊन वर आलं. मी कॉलेजात होते. फ्लेमिंगो बघायला होडीतून निघाले, तर आत्याही हट्टानं बरोबर आली.

बेटावर वाळलेल्या गाळाचा आणि शिंपल्यांचा वास होता. घरं गेली होती, देऊळ आणि त्यापुढची दीपमाळ मात्र ताठ उभी होती. तासभर दुर्बीण फिरवूनही मला बगळ्यांशिवाय काही दिसेना. मागं वळून बघते, तर आत्यानं पदर खोचलेला आणि दिवे ठेवायच्या दगडी हातांवर पाय देत ती वर निघालेली!

"आत्या, उतर! पडशील!"

"लहानपणी लई रडले, पण पोरींनी चढायचं नाय म्हणायचे. आता कोण हाय अडवायला?"

मी होते. खालून जीव खाऊन ओरडत होते.

टोकाला पोचून तिनं डोळ्यांवर हात धरला. "अगं, ते बघ तुझे गुलाबी पक्षी! देवळामागं हायेत सगळे. ठेव ती दुर्बीण अन् ये वर!"

मी चप्पल काढली. तेव्हा वाटलं होतं, पक्षी बघायला चढतेय.

गाव पुन्हा पाण्याखाली गेलं. पण त्याच्या दीपमाळेवर चढलेल्या पोरी दोन. पन्नाशीतली आत्या आणि मी.