खोडलेली पाचवी ओळ

काकांचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या एका छापखान्यात प्रूफ तपासत उभी होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. काका म्हणजे माझ्या शुभामावशीचे यजमान, फोनवर मोजकं बोलणारा माणूस. "निघ," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "काका, ऋजू?" तिकडून नुसता श्वास ऐकू आला... मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. माझं पेन प्रूफवर टेकलेलंच राहिलं होतं, शाई पसरत गेली आणि एक अख्खा शब्द बुडाला. ऋजुता, माझी मावसबहीण, सोळा वर्षांची, गेली होती. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. हॉस्पिटलच्या कागदावर कारण म्हणून न्यूमोनिया लिहिलाय आणि ते खरं आहे. त्या कागदावर न आलेलं आणखी एक कारण आहे. ते मला माहीत आहे, म्हणून हा लेख मीच लिहायला हवा.

ऋजूला गिळायचा आजार होता. तेरा वर्षांची असताना सुरू झाला. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पाणीसुद्धा. खाल्लेलं तासाभरानं जसंच्या तसं तोंडात परत यायचं. वजन उतरत गेलं तशी शहाडच्या त्यांच्या चाळीत प्रत्येकाकडे एक निदान तयार झालं. कुणी म्हणालं अॅसिडिटी, कुणी म्हणालं नजर. समोरच्या काकू जिन्यात गाठून म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना हिरोइनी व्हायचंय, दुसरं काय!" ऋजू शांतपणे म्हणाली, "काकू, हिरोइन झाले तर पहिला ऑटोग्राफ तुम्हालाच." आणि घरात येऊन बेसिनवर वाकून उभी राहिली, कितीतरी वेळ.

सगळ्यांत वाईट होतं ते छातीचं दुखणं. ते न सांगता यायचं. वर्गात, रिक्षात, जेवताना, कधी काहीच न करता. छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं, पाठीपर्यंत जाणारं. पहिल्यांदा शाळेत झालं तेव्हा बाईंना वाटलं हार्ट अॅटॅक. धावपळ झाली, ईसीजी निघाला, सगळं नॉर्मल. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा शिपाईकाका तिला घरी सोडून गेले आणि निरोप देऊन गेले की मुलगी बरी होईपर्यंत सहलीला, खेळाला, स्नेहसंमेलनाला पाठवू नका. आमच्याकडे जबाबदारी नको.

मी तिला घेऊन ठाण्याला गेले. नौपाड्यात एक डॉक्टरबाई आहेत, पोटाच्या विकारांच्या, पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा विसरणाऱ्या. त्यांनी तिला बेरियम पाजून एक्स-रे काढला, नंतर अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी केली आणि कागदाच्या मागे चित्र काढून समजावलं. "हिच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप आहे. ती उघडायलाच तयार नाही. त्यामुळे अन्न वर साचून राहतं, आणि नळीच्या स्नायूंना गोळा येतो तेव्हा छातीत दुखतं." आजाराचं नाव अॅकलेशिया. ऋजूनं चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे शहाडचा पूल. संध्याकाळी सातचा." डॉक्टरबाई शहाडच्या पुलावर कधी अडकल्या नसाव्यात, पण हसल्या. मग दुखण्याबद्दल सांगितलं : घट्ट कपडे सैल करायचे, सरळ बसायचं, कोमट पाण्याचे घोट घ्यायचे, बहुतेकदा वीसेक मिनिटांत उतरतं. झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवायची, नाहीतर साचलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. एवढं बोलून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि नीट ऐका. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, श्वास घेताना टोचलं, ताप आला, दम लागला किंवा पाण्यानं उतरलंच नाही, तर घरी बसायचं नाही. काही न देता सरळ हॉस्पिटल." मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. सगळं. माझ्या अक्षरात ते अजून आहे.

इथं माझ्या घराबद्दल सांगणं भाग आहे. आम्ही मोहन्याचे. माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली आणि कारखान्यांच्या गेटवर उभं राहून वाटली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. बाबांचा नियम होता : एक पत्रक, एक गोष्ट. दोन गोष्टी सांगितल्या की माणूस दोन्ही विसरतो. आणि पत्रकात 'पण' घालायचा नाही. 'पण' आला की वाचणारा तिथंच थांबतो. मी हे दुधाबरोबर प्यायले आहे. वीजबिलापासून पाणीटंचाईपर्यंत मी पत्रकं लिहिली, आणि खरं सांगते, त्यांचा उपयोग झाला. त्यामुळे शाळेनं ऋजूला बाजूला काढलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. म्हटलं, या अज्ञानाला उत्तर छापून देऊ.

एका रविवारी आम्ही मावशीकडे टेबलाभोवती बसलो. ऋजू, मावशी, मी, आणि मला सोडायला आलेले बाबा. मी मथळा लिहिला : 'घाबरू नका!' खाली ओळी. पहिली : हे हृदयाचं दुखणं नाही. दुसरी : तिला सरळ बसवा. तिसरी : कोमट पाणी घोट घोट द्या. चौथी : वीस मिनिटं थांबा, आपोआप उतरेल. ऋजू माझ्या खांद्यावरून वाचत होती. "ताई, 'रुग्ण' नको ना लिहूस. मी काय सरकारी दवाखाना आहे का? ऋजुता लिही." मी रुग्ण खोडून ऋजुता केलं. मग पाचवी ओळ लिहिली, डॉक्टरबाईंची ती शेवटची सूचना, जवळपास त्यांच्याच शब्दांत.

मावशी ती ओळ दोनदा वाचून खिडकीबाहेर बघायला लागली. ऋजू म्हणाली, "ही वाचली तर मॅडम मला उद्याच घरी पाठवतील. पुढच्या महिन्यात सहल आहे." मग बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, आणि म्हणाले, "वर म्हणतेस घाबरू नका, खाली म्हणतेस घाबरा. मीनल, हे पत्रक आहे की वकिलाची नोटीस?" सगळे हसले. मी पण हसले. आणि ती ओळ खोडली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पेन माझ्या हातात होतं.

पत्रक यशस्वी झालं. असं यशस्वी पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि त्यानंतर... असो. शाळेत लागलं, कल्याणच्या क्लासमध्ये लागलं, चाळीतल्या लोकांनी फोनमध्ये फोटो काढून ठेवले. ऋजू सहलीला गेली. तिच्या मैत्रिणींना चार ओळी तोंडपाठ झाल्या होत्या. तिला गोळा आला की एक जण पाठ सरळ करायची, एक जण पाणी आणायची, तिसरी घड्याळ लावायची. समोरच्या काकूसुद्धा पाणी गरम करून घेऊन यायला लागल्या. मुलगी पुन्हा माणसांत आली. दुखणं गेलं नव्हतं, त्याची भीती गेली होती, आणि मी त्यालाच विजय समजले. आता वाटतं, दुखण्याची थोडी भीती त्या घरात शिल्लक राहायला हवी होती. मी ती झाडून काढली.

डॉक्टरबाईंनी ऑपरेशन सांगितलं होतं. झडपेचा स्नायू आतून कापायचा, बरंचसं गिळता येतं. "फार लांबवू नका," असं म्हणाल्या होत्या. पण समोर दहावी होती. ऋजूच म्हणाली, "बोर्ड होऊ दे. वर्ष गेलं तर मी वेडी होईन." आमच्याकडे दहावीपुढे कुणाचं काही चालत नाही, लग्नं पुढे जातात, घराचा रंग पुढे जातो. ऑपरेशनही गेलं. एप्रिलची तारीख घेतली. ती अभ्यास करता करता तीन उशांवरून घसरायची आणि सपाट झोपून जायची. सकाळी खोकायची. मावशी म्हणायची, "उशा कुठं गेल्या गं?" ती म्हणायची, "पळून गेल्या. माझी बडबड ऐकून कंटाळल्या."

पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात, सोमवारी, क्लासमध्ये तिला दुखायला लागलं. सरांनी पत्रकात लिहिलं होतं तसं सगळं केलं. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "नेहमीचंच आहे सर, झालं." मंगळवारी घरी पुन्हा. अंगात कणकण होती. पण चाळीत चार घरांत ताप होता, हवाच तशी, म्हणून मावशीनं तापाची गोळी दिली. दुपारी तिनं मला फोन केला.

"मीनल, उजव्या बाजूला दुखतंय म्हणते गं. श्वास घेतला की टोचतं."

मी एका सभेच्या तयारीत होते. मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं, कारण ते माझंच लिहिलेलं होतं. "मावशी, घाबरू नकोस. सरळ बसव. कोमट पाणी दे. वीस मिनिटं थांब."

"पाणी दिलं मघाशी."

"मग अजून दे."

मावशी म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर." तिनं मला विचारण्यासाठी फोन केला होता. तिला शंका आली होती, एका आईला येते तशी, आणि ती शंका मी माझ्या चार ओळींनी दाबली. माझ्या वहीत 'श्वास घेताना टोचलं' हेच शब्द होते. हेच.

बुधवारी सकाळी तिचे ओठ निळसर दिसले, तेव्हा काकांनी तिला उचलून रिक्षात घातलं. साचलेलं अन्न आणि पाणी फुप्फुसात उतरलं होतं, पू झाला होता. कालच आणलं असतं तर खूप फरक पडला असता का, असं मी तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लवकर आणलं की बरं असतं, मॅडम." तो दयाळू माणूस होता. पाचव्या दिवशी मला आत सोडलं. तोंडावर मास्क, हाताला नळ्या. ती मास्कच्या आतून काहीतरी बोलली. मी कान जवळ नेला. "ताई... वीस मिनिटं... झाली का?" चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "होत आली, राणी." त्यानंतर तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, आणि आमचं बोलणं झालं नाही.

भेटायला येणारे म्हणत होते, तिचं तेवढंच आयुष्य लिहिलेलं. मला राग येतो या वाक्याचा. कुणी लिहिलेलं? मी लिहिलेलं. तेराव्यानंतर मी पत्रकं काढून घ्यायला निघाले. क्लासचे सर मला बघून उभेच राहिले. भिंतीवर पंख्याच्या बटणांशेजारी ते अजून होतं. सर म्हणाले, "मी त्या दिवशी दोनदा वाचलं हो. ताप बघा असं कुठं नव्हतं... म्हणून मी कपाळाला हात लावला नाही. लावायला हवा होता." चाळीस मुलांना गणित शिकवणारा माणूस माझ्यासमोर माफी मागितल्यासारखा उभा होता. मी त्यांना सांगितलं, "सर, ती ओळ होती. मी खोडली." त्यांनी कागद भिंतीवरून हळूच सोडवला, चार कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या एकेक करून, आणि माझ्या हातात दिला.

ज्या घरांत हा आजार आहे, त्यांच्यासाठी ती ओळ इथं लिहिते, कुणीही कितीही हसलं तरी : दुखणं नेहमीसारखं नसेल, श्वास घेताना टोचत असेल, ताप किंवा दम असेल, पाण्यानं उतरत नसेल, तर थांबू नका, तोंडातून काहीही देऊ नका, निघा. आणि आजाऱ्यानं 'नेहमीचंच आहे' म्हटलं, तरी निघा. त्यांना नेहमीचं म्हणायची सवय आपण लावलेली असते.

मागच्या रविवारी मी शहाडला गेले. मावशीला सांगायचं होतं, नीट, शब्दांत. ती भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून सांगितलं : ओळ खोडली ते, मंगळवारच्या फोनवरचं, वहीत काय होतं ते. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. म्हणाली, "मी पण तिथंच बसले होते ना. तू ओळ खोडलीस तेव्हा मला किती बरं वाटलेलं, माहितीये?" मग तिनं भाकरी उलटली. "मी तुला माफ नाही करणार मीनल. आत्ता तरी नाही. मला स्वतःलाच जमत नाहीये. ताटं घे."

आम्ही तिघं जेवायला बसलो. मला भरभर जेवायची सवय, दहा मिनिटांत माझं ताट रिकामं झालं. वर बघितलं तर काकांचा दुसरा घास चालू होता. काका आणि मावशी प्रत्येक घास लहान करत होते, चावत होते, थांबत होते, पाण्याचा एक घोट घेत होते, पुन्हा थांबत होते. तीन वर्षं त्या घरात असंच जेवण झालं होतं, ऋजूला एकटीला मागे राहिल्यासारखं वाटू नये म्हणून. आता घाई करायला कुणाची हरकत नव्हती. मी माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढून घेतला आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्या गतीनं, खाऊ लागले. जेवण संपायला तास लागला.